तोंदिबीच्या आधी आणि नंतर

नायजर नदीच्या खोऱ्यात आणि त्याच्या आसपास घाना, माली आणि सोंघाई ही तीन मोठी राज्ये एकामागून एक उभी राहिली. तिन्हींचे नाव झाले ते सोन्यामुळे. पण बांबुक आणि बुरे इथल्या सोन्याच्या खाणी कुठल्याच राजाच्या मुठीत पुरत्या कधी आल्या नाहीत. राजांच्या हाती होत्या त्या व्यापाराच्या वाटा. उत्तरेकडून उंटांचे तांडे सहारातल्या तघाझाचे मीठ आणत, दक्षिणेकडून सोने येई, आणि मधल्या बाजारपेठा ज्याच्या ताब्यात तो राजा. 1068च्या सुमारास अरब भूगोलकार अल-बकरी लिहितो की घानाचा राजा गाढवावर लादून आत येणाऱ्या मिठावर एक दिनार जकात घेई आणि तेच मीठ राज्याबाहेर निघाले की दोन.

या व्यापाराचा एक धागा आपल्या समुद्रापर्यंत पोचतो. मालदीवच्या कवड्या प्रवासी इब्न बतूताने मालीत आणि गाओत चलन म्हणून वापरात पाहिल्या. भाव होता एका सोन्याच्या दिनाराला 1,150 कवड्या.

या तिघांतल्या शेवटच्या, सोंघाईचा उदय झपाट्याचा. तिथल्या सुन्नी अली या राजाने 1468 मध्ये टिंबक्टू घेतले. 1493 मध्ये गादी बळकावणारा अस्किया मुहम्मद थोर राज्यकर्ता खरा, पण 1528 मध्ये त्याच्याच मुलाने त्याला पदच्युत केले. पुढे वारसाहक्काची भांडणे मिटलीच नाहीत. 1588 मध्ये पश्चिमेकडचे सरदार बंड करून उठले. तेव्हाचा राजा अस्किया इशाक दुसरा जिंकला, पण या यादवीत स्वतःच्याच राज्याचे निम्मे बळ त्याने गमावले.

अशा वेळी, मार्च 1591 मध्ये, मोरोक्कोच्या सुलतान अहमद अल-मन्सूरचा सेनापती जूदर सहारा ओलांडून सोंघाईची राजधानी गाओजवळ तोंदिबीला येऊन ठाकला. त्याचे सैन्य जेमतेम चार हजारांचे, बंदूकधारी त्यांतलेच. इशाकने गुरांचे कळप शत्रूवर सोडले. बंदुकांचे बार होताच गुरे बिथरली आणि उलटी फिरून त्याच्याच फौजेत घुसली. फौज पांगली. काही शूर मात्र ढाली जमिनीवर टाकून त्यांवर बसले आणि जागचे हलले नाहीत. शत्रूने त्यांना तिथेच कापले आणि त्यांच्या दंडांवरची सोन्याची कडी काढून घेतली.

बंदुकांनी सोंघाई बुडवली, असे सांगितले जाते. मला ते अपुरे वाटते. तीन वर्षांपूर्वीची यादवी झाली नसती, तर वाळवंट तुडवून थकलेल्या त्या चार हजारांना एका पराभवानंतरही रोखणारे दुसरे सैन्य उभे राहिले असते.

गाओ पाहून जूदर निराश झाला. मराकेशमधल्या गाढववाल्यांच्या मुकादमाचे घरसुद्धा अस्किया इशाकच्या वाड्यापेक्षा बरे, असे त्याने कळवले. सुलतानाला हवे होते ते सोने खाणींत होते आणि खाणी दूर दक्षिणेला. व्यापाऱ्यांनी दुसऱ्या वाटा धरल्या. शिवाय 1482 पासून पोर्तुगीजांनी एल्मिनाला किल्ला बांधून सोने किनाऱ्याकडे ओढायला सुरुवात केलीच होती.

खरा घाव बसला विद्येवर. 1593 मध्ये मोरोक्कोच्या सैन्याने टिंबक्टूचे पंडित पकडले आणि पुढे साखळदंडांत मराकेशला नेले. त्यांत अहमद बाबा होता. सुलतान पडद्याआडून बोलू लागताच अहमद बाबाने, पडदा ठेवून बोलणे हे ईश्वराचे काम, असे त्याला तोंडावर सुनावले. माझे सोळाशे ग्रंथ लुटले गेले, असेही तो म्हणाला, आणि आमच्या घराण्यात सर्वांत लहान संग्रह माझाच होता.