धातूंची चढाओढ



धातूंची अभिक्रियाशीलता श्रेणी आपण सगळ्यांनी शाळेत घोकलेली असते. वर पोटॅशिअम आणि सोडिअम, मध्ये जस्त आणि लोखंड, तळाला चांदी आणि सोनं. हा क्रम असाच का, याचं ठरलेलं उत्तर असतं: ज्याचा बाहेरचा इलेक्ट्रॉन सहज सुटतो, तो धातू वर. हे उत्तर अर्धंच आहे, आणि उरलेला अर्धा भाग मला जास्त मोलाचा वाटतो.

आता मॅग्नेशिअम आणि तांबं शेजारी ठेवा. एक मोल अणूंमधून पहिला इलेक्ट्रॉन काढायला मॅग्नेशिअमला 738 किलोज्यूल लागतात, तांब्याला 745. फरक नावापुरता. तरी विरल हायड्रोक्लोरिक आम्लात मॅग्नेशिअमची फीत फसफसत विरून जाते आणि तांब्याची तार ढिम्म राहते. असं का? एक तर दुसरा इलेक्ट्रॉन सोडणं तांब्याला फार जड जातं. शिवाय तांब्यासारख्या संक्रमण धातूंचे अणू एकमेकांना घट्ट धरून असतात. मॅग्नेशिअम 650 अंश सेल्सिअसला वितळतं, तांबं 1085 अंशांना. अणू मुळात घट्ट पकडीतून सुटायला हवा, मगच त्याचा इलेक्ट्रॉन जाणार ना!

खरी गंमत पहिल्या गणात, अल्क धातूंमध्ये आहे. इथे इलेक्ट्रॉन सोडायला सगळ्यांत जास्त ऊर्जा लागते ती लिथिअमला: 520 किलोज्यूल. सिझिअमला फक्त 376. पाण्यात टाकलं तर लिथिअम शांतपणे बुडबुडे सोडत तरंगतं, पोटॅशिअम जांभळट ज्वाळेनं पेटतं, सिझिअमचा स्फोट होतो. म्हणजे लिथिअम गणातलं सर्वांत मवाळ म्हणायचं? पण श्रेणीतली जागा ज्यावरून ठरते, ते त्याचं प्रमाण विद्युतअग्र विभव उणे 3.04 व्होल्ट, गणात सर्वांत ऋण, म्हणजे जागा सर्वांत वरची! लिथिअमचा आयन इतका चिमुकला की पाण्याचे रेणू त्याला घट्ट बिलगतात आणि त्यातून भरपूर ऊर्जा सुटते. इलेक्ट्रॉन काढायला झालेला खर्च असा भरून निघतो. मग वेग कमी का? सोडिअम 98 अंशांना वितळतं, पोटॅशिअम 63 ला. अभिक्रियेच्या उष्णतेनं त्यांचा गोळा होतो आणि सतत ताजा पृष्ठभाग पाण्याला मिळतो. लिथिअमला त्यासाठी 180 अंश हवेत. ते घनच राहतं. श्रेणीतली जागा ऊर्जेचा हिशेब सांगते, अभिक्रियेचा वेग सांगत नाही.

ॲल्युमिनिअमचंही तसंच. श्रेणीत ते जस्त आणि लोखंडाच्या वर, तरी त्याच्या पातेल्यात आपण पाणी उकळतो. काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर त्याला झाकून ठेवतो. चिंचेचा कोळ किंवा धुण्याचा सोडा हा थर विरघळवतो, मग आतला धातू आपला मूळ स्वभाव दाखवू लागतो. आंबट पदार्थ या भांड्यात ठेवू नयेत, असं घरोघरी सांगतात ते यासाठीच.