तपकिरी औषधातील राखीव साठा



शाळेच्या प्रथमोपचार पेटीत आणि आरोग्य उपकेंद्राच्या कपाटात तपकिरी औषधाची एक बाटली बहुधा असतेच. पोव्हिडोन आयोडीन हे त्या औषधाचे नाव. ज्यांनी बालपणी खरचटलेल्या गुडघ्यावर टिंचर आयोडीन लावून घेतले असेल, त्यांना त्याची आग अद्याप आठवत असेल. दोहोंत जंतुनाशक द्रव्य एकच. तरीही एक झोंबते आणि दुसरे फारसे झोंबत नाही.

बेर्नार कूर्त्वा या फ्रेंच रसायनज्ञास १८११ साली समुद्रशैवालाच्या राखेत आयोडीन सापडले. जंतूंच्या नाशास ते उत्तम ठरले. परंतु टिंचरमध्ये ते मद्यार्कात मोकळेच असल्याने जखमेच्या कोवळ्या पेशींनाही सोडीत नसे. १९५५ साली फिलाडेल्फिया येथील शेलान्स्की या संशोधकांनी त्यास पॉलिव्हिनिल पायरोलिडोन या बहुवारिकाची, म्हणजे पॉलिमरची, जोड दिली. हे पॉलिमर काही नवे नव्हते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीत रक्तद्रवाऐवजी ते रुग्णांच्या शिरेतून दिले जात असे.

लांब साखळीसारख्या या रेणूने आयोडीन सैलसर धरून ठेवलेले असते. १० टक्के द्रावणात उपयोगी पडू शकणारे आयोडीन १ टक्का असते. पण कोणत्याही क्षणी मोकळे असलेले आयोडीन दहा लाख भागांत अवघे काही भाग. ते जंतूंवर खर्ची पडले की साखळी आणखी थोडे सोडते. कोठी धान्याने भरलेली असावी आणि जात्यात मात्र मूठमूठच पडावी, तसा हा व्यवहार. जखमेवरील तपकिरी रंग फिका पडला की साठा सरला असे समजावे.

मात्र जंतू कोणता आणि घाण कोणती, हा भेद आयोडीन करीत नाही. रक्त, पू, माती यांवरही ते खर्च होते. मळक्या जखमेवर औषध ओतून समाधान मानणे हा नेहमीचा प्रमाद होय. आधी जखम धुवावी, मग औषध लावावे आणि ते वाळेपर्यंत धीर धरावा.

कुत्रा चावला असता तर हा क्रम जिवावरचा ठरतो. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी वाचणे जवळजवळ अशक्य. जखमेत हळद, तिखट वा चुना भरण्याची रीत अजूनही काही घरांत आहे. त्याऐवजी साबण व वाहते पाणी यांनी जखम १५ मिनिटे धुवावी, त्यानंतर पोव्हिडोन आयोडीन लावावे आणि विनाविलंब लसीसाठी दवाखाना गाठावा. १५ मिनिटे हा वाटतो त्याहून बराच मोठा अवधी आहे. शिक्षकांनी घड्याळ समोर ठेवूनच धुण्यास लावावे. औषध लावले म्हणून लस टळत नाही.

काटकसरीपोटी बाटलीत अंदाजाने पाणी घालण्याचा मोहही टाळावा. पाणी घातल्याने मोकळे आयोडीन एका मर्यादेपर्यंत उलट वाढते, हे चमत्कारिक वाटले तरी खरे आहे. परंतु राखीव साठा तुटपुंजा राहतो व लवकर संपतो. नवजात अर्भके, थायरॉइडचे रुग्ण आणि फार मोठ्या भागावर भाजलेल्या व्यक्ती यांना मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून हे औषध लावू नये, कारण आयोडीन त्वचेतून व जखमेतून शरीरात शोषले जाते.