गणिताची सोय आणि सत्याचा दावा

कोपर्निकसचे नाव घेतले की आकाशाखेरीज दुसरे काही न पाहणारा एकांतवासी आपल्या नजरेसमोर येतो. वस्तुस्थिती तशी नाही. बाल्टिक किनाऱ्याजवळील वार्मिया प्रांतात तो चर्चच्या जमिनींचा कारभार पाहत असे. ओसाड शेतांवर कुळे बसविल्याच्या नोंदी त्याने स्वतः केलेल्या आहेत. १५२२ साली प्रशियाच्या प्रांतिक सभेपुढे त्याने नाण्यांच्या दुरवस्थेचे विवेचन केले आणि १५२६ मध्ये त्यावरील प्रबंध पूर्ण केला. हिणकस नाणे चांगल्या नाण्याला बाजारातून हाकलून लावते, हे पुढे ग्रेशॅमच्या नावावर जमा झालेले सूत्र त्यात आहे. राजाचा शिक्का म्हणजे चांदी नव्हे, हे ज्याला उमगले होते त्याला टॉलेमीचे नाणेही कसाला लावून पाहावेसे वाटले, यात नवल नाही.

इ. स. १५० च्या सुमारास अलेक्झांड्रियात टॉलेमीने सिद्ध केलेली पृथ्वीकेंद्री व्यवस्था निव्वळ अज्ञान होती, असे मानणे मात्र अन्यायाचे ठरेल. ग्रहांची स्थाने ती बऱ्यापैकी वर्तवीत असे. पृथ्वी फिरत असेल तर सहा महिन्यांच्या अंतराने ताऱ्यांची स्थाने किंचित सरकलेली दिसावयास हवीत. ती दिसत नव्हती, आणि हा आक्षेप साधा नव्हता. टॉलेमीच्या चार शतके आधी सूर्याला मध्यभागी ठेवणाऱ्या अरिस्टार्कसने तारे अतिदूर असल्याचे गृहीत धरले होते, परंतु ते अंतर मोजण्याचे साधन कोणापाशीच नव्हते.

कोपर्निकसचे गणितही फारसे अधिक अचूक नव्हते. वर्तुळांवर वर्तुळे त्यालाही चढवावी लागली. लाभ झाला तो वेगळाच. ग्रह वक्री का होतात याचे कारण पृथ्वीच्या स्वतःच्या चालीत सापडले. बुधाची सूर्याभोवतीची फेरी ८८ दिवसांची, शुक्राची २२५ दिवसांची, शनीची साडेएकोणतीस वर्षांची. जो जितका दूर तो तितका मंद, असा क्रम आपोआप लागला. टॉलेमीच्या हिशेबात प्रत्येक ग्रहाचे खाते स्वतंत्र होते. आता सर्वांचा मिळून एकच ताळेबंद तयार झाला.

१५४३ साली न्यूरेंबर्गला ग्रंथ छापला गेला तेव्हा ग्रंथकार मृत्युशय्येवर होता. छपाईवर देखरेख करणारा लूथरपंथी धर्मोपदेशक ओसिआंडर याने आरंभी एक निनावी प्रस्तावना घातली. ही गृहीतके खरी असण्याची गरज नाही, संभाव्य असण्याचीही नाही, आकडेमोड जमली म्हणजे पुरे, असा तिचा आशय होता. हे शब्द कोणाचे, हे १६०९ मध्ये केप्लरने जाहीर केले. सत्ताधाऱ्यांना अडचणीचा सिद्धांत ‘केवळ हिशेबाची सोय’ म्हणून पचविता येतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ही युक्ती अपरिचित नसावी.

रोमने नेमके हेच केले. १६१६ मध्ये ग्रंथ दुरुस्तीपर्यंत स्थगित ठेवण्यात आला. १६२० मध्ये दुरुस्त्यांची यादी निघाली. जेथे जेथे पृथ्वीचे भ्रमण वस्तुस्थिती म्हणून सांगितले होते, तेथे ते गृहीतक म्हणून लिहावयाचे होते. कोष्टके तशीच राहिली. गणित हवे होते, त्यातून निघणारा दावा नको होता.

गॅलिलिओने ही तडजोड मोडली. १६१० मध्ये गुरूचे चार चंद्र आणि शुक्राच्या कला त्याने दुर्बिणीतून पाहिल्या होत्या. टॉलेमीच्या रचनेत शुक्राच्या त्या कलांचा उलगडा होत नाही. (टायको ब्राहेच्या मध्यममार्गी रचनेत होतो, हेही सांगितले पाहिजे.) १६३२ चा त्याचा ‘संवाद’ पंडितांच्या लॅटिनमध्ये नव्हे, इटालियन लोकभाषेत आला. वाद आता विद्यापीठाच्या भिंतींआड राहणार नव्हता. पुढच्याच वर्षी, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, त्याला गुडघे टेकून आपले मत सोडल्याचे वदवून घेण्यात आले आणि १६४२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याला नजरकैदेत ठेवले गेले.

निषिद्ध ग्रंथांच्या यादीतून कोपर्निकस आणि गॅलिलिओ यांची पुस्तके १८३५ मध्ये वगळण्यात आली. त्यानंतर तीनच वर्षांनी, कोपर्निकसच्या गावापासून फारसे दूर नसलेल्या क्योनिग्सबर्गमध्ये, बेसेलने हंस तारकासमूहातील एका ताऱ्याचे सरकणे मोजून प्रसिद्ध केले.