उशिरां लाविलेले कंद



बागाइतीचा धंदा करणाऱ्यांस हंगामाचें महत्त्व सांगावयास नको. परंतु हंगाम हातचा गेल्यावर उरलेल्या बियाण्याचें काय करावें, हा प्रश्न सर्वांसच पडतो. त्याचें एक उत्तर हॉलंड देशांतील ट्युलिपच्या कंदांपासून मिळतें. तेंच आज आपणांपुढें ठेवितों.

तिकडे ट्युलिपचे कंद बहुधा नोव्हेंबरांत लावितात आणि ते वसंतांत फुलतात. कित्येकांच्या घरीं मात्र नाताळ आला तरी कंदांची पिशवी कोपऱ्यांतच पडलेली असते. “आतां पुढल्या वर्षीं पाहूं,” असें म्हणून ती तशीच ठेवणें हा सर्वांत वाईट मार्ग होय. कंद म्हणजे वाळलेलें बीं नव्हे. तो जिवंत असतो व आपलीच शिदोरी खात असतो. वर्षभर ठेविल्यास तो सुकून जातो.

ही शिदोरी किती भरींव असते, हें १९४४-४५ च्या हिवाळ्यांत दिसून आलें. त्या उपासमारींत डच लोकांनीं हेच कंद शिजवून दिवस काढिले. शिवाय पुढील फुलाची कळी कंदाच्या पोटांत उन्हाळ्यांतच तयार झालेली असते. उणीव असते ती मुळांची व थंडीची. सुमारें १२ ते १६ आठवडे थंडी मिळाल्यावांचून दांडा नीट वाढत नाहीं. म्हणूनच आपल्या कोंकणपट्टीच्या उष्ण हवेंत हें झाड आपोआप फुलत नाहीं.

तेव्हां उशीर झाल्यास काय करावें? प्रथम कंद बोटांनीं दाबून पाहावा. टणक असल्यास ठेवावा. मऊ पडून कुजला असल्यास टाकून द्यावा. जमीन गोठली नसेल तर डिसेंबरांत, फार काय जानेवारींतही, तो लावितां येतो. टोंक वर करून, सहा ते आठ इंच खोल, पाणी न तुंबणाऱ्या मातींत तो पुरावा. जमीन गोठली असल्यास कुंडींत लावून थंड पडवींत ठेवावा. उबेच्या खोलींत नेऊं नये. फूल थोडें उशिरां येईल, दांडाही कदाचित् आंखूड राहील. पण फूल येईल. मात्र या उशिरासही मर्यादा आहे. हिवाळा सरत आल्यावर लाविलेल्या कंदास थंडीचे दिवस पुरत नाहींत. त्यास पानें येतात, फूल बहुधा येत नाहीं.

वनस्पतिशास्त्रज्ञ क्लूसियस १५९३ सालीं लायडन विद्यापीठाच्या बागेवर आले, तेव्हां त्यांचें वय ६७ वर्षांचें होतें. त्या वयांतही त्यांनीं कंद मातींत घातले, आणि १५९४ च्या वसंतांत तेथें ट्युलिप फुलले. आज त्या देशाचें नांव घेतां हेंच फूल डोळ्यांपुढें येतें.

आपल्यापैकीं ज्यांचीं मुलेंबाळें थंड देशांत राहतात, त्यांनीं त्यांस एवढें अवश्य कळवावें. आणि आपल्या घरींही कोपऱ्यांत पडलेल्या पिशव्या थोड्या नाहींत: भावाभावांतील जुना अबोला, धाडावयाचें राहिलेलें पत्र, अर्ध्यावर सुटलेला अभ्यास. त्यांचा योग्य काळ टळला, हें खरें. तरीपण कंद अजून टणक आहे काय, एवढें आधीं पाहावें; आणि असल्यास आजच खड्डा खणावा.