ज्ञानाची देवघेव : अभियांत्रिकीचे परदेशी शिक्षण

(चेन्नई येथे अभियांत्रिकीचे शिक्षण घेत असलेल्या मराठी भाषक विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर.)



अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षातील विद्यार्थी भेटावयास आला की त्याचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : "सर, अमेरिका बरी की जर्मनी?" या प्रश्नाचे उत्तर मी लगेच देत नाही. देशाचे नाव हा या विचारातील शेवटचा मुद्दा आहे. त्याआधी तीन प्रश्नांची उत्तरे स्वतःला द्यावी लागतात. कशासाठी जायचे? किती भार उचलून जायचे? आणि शिक्षण पूर्ण झाल्यावर त्या ज्ञानाचे काय करायचे?

आज लाखो तरुण या वाटेवर आहेत. एकट्या अमेरिकेत २०२३–२४ या शैक्षणिक वर्षात ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते. पुढच्याच वर्षी ही संख्या ३,६३,०१९ झाली. त्यांतील मोठा वाटा अभियांत्रिकी, संगणकशास्त्र आणि गणित या विषयांचा आहे. संख्या मोठी असली की वाट सोपी आहे असा समज होतो. तो दूर करणे आणि या वाटेचा खरा अर्थ शोधणे, एवढाच या व्याख्यानाचा हेतू आहे.

चेन्नई : आलेले ज्ञान, रुजलेले ज्ञान

हा विचार मांडण्यासाठी चेन्नईइतके योग्य शहर दुसरे क्वचितच सापडेल. १७९४ मध्ये मायकेल टॉपिंग यांच्या पुढाकाराने येथे भूमापनाची शाळा सुरू झाली. जमिनीची मोजणी करणारे प्रशिक्षित लोक ईस्ट इंडिया कंपनीला हवे होते, हा तिचा उगम. त्याच शाळेतून पुढे गिंडीचे अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहिले आणि १९७८ पासून ते अण्णा विद्यापीठाचा भाग झाले. परक्या सत्तेने स्वतःच्या गरजेसाठी आणलेली विद्या या भूमीत रुजली आणि अखेरीस या भूमीची झाली.

दुसरे उदाहरण स्वातंत्र्योत्तर काळातील आहे. नलिनीरंजन सरकार यांच्या अध्यक्षतेखालील समितीने देशाच्या चार दिशांना चार उच्च तंत्रशिक्षण संस्था असाव्यात अशी शिफारस केली. १९५१ मध्ये खरगपूरची संस्था सुरू झाली. त्यानंतरच्या संस्थांना निरनिराळ्या देशांचे साहाय्य मिळाले. मुंबईला युनेस्को व सोव्हिएत संघाचे, मद्रासला पश्चिम जर्मनीचे, कानपूरला अमेरिकेतील नऊ विद्यापीठे व संस्थांच्या समूहाचे आणि दिल्लीला ब्रिटनचे. ३१ जुलै १९५९ रोजी हुमायून कबीर यांच्या हस्ते मद्रासच्या संस्थेचे उद्घाटन झाले. जर्मनीने प्रयोगशाळांसाठी यंत्रसामग्री दिली, प्राध्यापक व कुशल तंत्रज्ञ पाठविले आणि येथील अध्यापकांच्या जर्मनीतील प्रशिक्षणाची सोय केली.

यातील शेवटचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. यंत्रे जहाजातून आणता येतात. ती चालविण्याची, दुरुस्त करण्याची आणि पुढे त्यांहून चांगली यंत्रे बनविण्याची दृष्टी मात्र माणसाने जाऊन आत्मसात करावी लागते. तिकडे शिकून आलेल्या अध्यापकांनी येथे विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडविल्या. परदेशी शिक्षणाचा लाभ एका माणसापुरता न राहता एका संस्थेचा कसा होतो, याचा हा पाठ आहे.

तळेगावची काच

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. पुण्याचे केशव मल्हार भट १८८२ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत दाखल झाले. त्या संस्थेत शिकलेले ते पहिले भारतीय मानले जातात. अशा धर्तीची संस्था आपल्याकडेही असावी, हा विचार पुण्याच्या 'मराठा' या इंग्रजी वृत्तपत्राने त्याच दशकात मांडला होता.

त्यानंतर स्वदेशी चळवळीचा काळ आला. अंताजी दामोदर काळे यांनी 'पैसा फंड' सुरू केला. सामान्य माणसाकडून एकेक पैसा जमवायचा आणि त्यातून देशी उद्योग उभारायचा, ही ती कल्पना. त्या निधीतून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना सुरू झाला. तो उभा करण्यात ईश्वरदास वार्ष्णेय या उत्तर हिंदुस्थानातील तरुणाचे ज्ञान उपयोगी पडले. ते मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत शिकून आले होते. तळेगावच्या कारखान्याला जोडूनच काचकाम शिकविण्याची सोय होती. तेथे शिकलेले कारागीर नंतर इतर ठिकाणच्या कारखान्यांत गेले.

निधी महाराष्ट्राच्या सामान्य जनतेचा, ज्ञान परदेशातून आणलेले, माणूस दुसऱ्या प्रांताचा आणि फळ साऱ्या देशाला. ज्ञानाची देवघेव म्हणतात ती हीच.

हेतू आधी, पदवी नंतर

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम याच शहरातील क्रोमपेटच्या मद्रास तंत्रज्ञान संस्थेत वैमानिक अभियांत्रिकी शिकले. १९६० च्या दशकाच्या आरंभी ते अमेरिकेच्या 'नासा' या संस्थेत काही महिने प्रशिक्षणासाठी गेले. तेथून त्यांनी पदवी आणली नाही. वातावरणाच्या अभ्यासासाठी सोडावयाच्या अग्निबाणांचे तंत्र ते शिकून आले. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळमधील थुंबा येथून पहिला अग्निबाण आकाशात झेपावला, तेव्हा त्या कामात ते सहभागी होते. कशासाठी जायचे हे निश्चित असले की थोडा काळही पुरतो.

दुसरे नाव ए. ललिता यांचे. बालवयात विवाह आणि अठराव्या वर्षी वैधव्य, पदरी लहान मुलगी. अशा परिस्थितीत त्यांनी गिंडीच्या महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि १९४३ मध्ये विद्युत अभियांत्रिकीची पदवी मिळविली. पुढे भाक्रा-नांगल प्रकल्पाशी निगडित कामात त्यांचा सहभाग होता. १९६४ मध्ये न्यूयॉर्क येथे भरलेल्या महिला अभियंता व शास्त्रज्ञांच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेला त्या गेल्या. म्हणजे त्या परदेशी गेल्या त्या विद्यार्थिनी म्हणून नव्हे, तर अनुभवी अभियंता म्हणून. परदेशी न शिकलेला अभियंता कमी प्रतीचा, हा समज ज्यांच्या मनात असेल त्यांनी हे उदाहरण आठवावे.

म्हणून पहिली कसोटी सांगतो. मला जे शिकायचे आहे ते येथे शिकता येते का? येत असेल, तर परदेशी जाण्याचे कारण पुन्हा तपासा. येत नसेल, म्हणजे एखादी विशिष्ट प्रयोगशाळा, एखादी संशोधनशाखा किंवा एखादा मार्गदर्शक तेथेच असेल, तर मागे राहू नका.

हिशेबाची वही

आता दुसरा प्रश्न, भार किती? एक साधे गणित करू. समजा, ४० लाख रुपयांचे शैक्षणिक कर्ज १० टक्के व्याजाने घेतले आणि ते १० वर्षांत फेडायचे आहे. मासिक हप्ता सुमारे ५२,९०० रुपये होतो. दहा वर्षांत एकूण सुमारे साडेत्रेसष्ट लाख रुपये भरावे लागतात. अभ्यासक्रमाच्या काळात आणि त्यानंतरच्या सवलतीच्या काळात हप्ता नसला तरी व्याज चढत असते, ते यात धरलेले नाही. शिवाय शुल्क डॉलरमध्ये किंवा युरोमध्ये भरायचे असते. ४० हजार डॉलर भरणे बाकी असताना डॉलर पाच रुपयांनी महागला, तर खर्च बसल्या जागी दोन लाखांनी वाढतो.

माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी गावाकडचे राहते घर तारण ठेवले होते. एका मध्यस्थाने सुचविलेल्या संस्थेत मुलाने प्रवेश घेतला. अभ्यासक्रमाचा दर्जा सामान्य होता आणि तेथील उद्योगजगतात त्या पदवीला फारसे मोल नव्हते. मुलगा कष्टाळू होता, त्याने कर्ज फेडले. मात्र त्या काळात त्याला विषयाशी संबंध नसलेली कामे करावी लागली आणि ज्या संशोधनासाठी तो गेला होता ते राहूनच गेले. "घर वाचले, पण विषय सुटला," असे तो मला म्हणाला. ते वाक्य मी विसरू शकलेलो नाही.

हा भार हलका करण्याचे मार्ग आहेत आणि ते तुम्हांला ठाऊक असले पाहिजेत. अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. अनुसूचित जमातींसाठी आदिवासी कार्य मंत्रालयाची स्वतंत्र योजना आहे. महाराष्ट्र शासन राजर्षी शाहू महाराज यांच्या नावाने अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देते. संशोधनाच्या पदव्यांसाठी अनेक विद्यापीठे शुल्कमाफी व विद्यावेतन देतात. जर्मनीतील बहुतेक शासकीय विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही. मात्र बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना सत्रामागे १,५०० युरो द्यावे लागतात. शिवाय राहण्याच्या खर्चाची तरतूद आधी दाखवावी लागतेच.

परीक्षार्थींनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. रिझर्व्ह बँकेची उदारीकृत प्रेषण योजना फेब्रुवारी २००४ मध्ये २५ हजार डॉलरच्या मर्यादेने सुरू झाली. २०१५ पासून ही मर्यादा एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर आहे. परदेशी शिक्षणाचा खर्च याच मार्गाने पाठविला जातो. एका विद्यार्थ्याचा निर्णय देशाच्या परकीय चलनाच्या व्यवहाराशी असा जोडलेला असतो.

पदवीचे मोल आणि नियमांची अस्थिरता

पदवीला मान्यता आहे का, हे प्रवेशापूर्वी पाहावे. अभियांत्रिकी पदव्यांची परस्पर मान्यता ठरविणारा वॉशिंग्टन करार १९८९ मध्ये झाला. १३ जून २०१४ रोजी भारत त्याचा कायम सदस्य झाला. राष्ट्रीय मानांकन मंडळाने या करारास अनुसरून मानांकित केलेल्या आपल्या अभ्यासक्रमांना त्यामुळे सदस्य देशांत समकक्ष मानले जाते. तुमचे महाविद्यालय यात बसते का, याची चौकशी आजच करा.

शिक्षणोत्तर कामाच्या परवानगीवर सारे गणित उभारू नका. अमेरिकेत अभियांत्रिकीच्या पदवीधरांना १२ महिने आणि २०१६ च्या नियमानुसार आणखी २४ महिने प्रशिक्षणात्मक कामाची मुभा देण्यात आली. परंतु अशा सवलती त्या त्या देशाच्या धोरणावर अवलंबून असतात. कॅनडाने जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली. त्याच महिन्यापासून ब्रिटनने बहुतेक पदव्युत्तर विद्यार्थ्यांना कुटुंबीय सोबत नेण्यास मनाई केली. आपण पाहुणे आहोत आणि यजमानाच्या घरचे नियम बदलू शकतात, याची जाणीव ठेवूनच पाऊल टाकावे. शुल्क मध्यस्थाच्या हाती न देता थेट संस्थेच्या खात्यात भरावे. शक्य असल्यास त्या विभागात शिकलेल्या दोन-तीन विद्यार्थ्यांशी आधी बोलावे.

परक्या गावचे पहिले धडे

मित्रहो, तुम्ही महाराष्ट्रातून येथे आलात तेव्हा पहिल्या महिन्यात काय वाटले ते आठवा. बसवरची पाटी वाचता येत नव्हती, खानावळीत पोळी मिळत नव्हती, वर्गमित्र आपसांत तमिळमध्ये बोलत होते. हळूहळू चार शब्द शिकलात, दुकानदार ओळखू लागला, सांबार-भाताची सवय झाली. ज्याने चेन्नईत तमिळ शिकण्याचे कष्ट घेतले, तो म्युनिकमध्ये जर्मन शिकेल. जो येथे चार वर्षे केवळ आपल्याच माणसांत राहिला, तो तेथेही तसाच राहील आणि अर्ध्या शिक्षणाला मुकेल. मराठी माणूस आणि तमिळ भूमी यांचे नाते जुने आहे. तंजावरचे सरफोजीराजे याच भूमीत पाश्चात्त्य विद्या शिकले आणि त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध केले. आपली भाषा न सोडता दुसऱ्याची विद्या घेता येते, हे त्यांनी दाखविले आहे.

प्रवाह उलटा वाहू लागला आहे

शेवटी तिसरा प्रश्न, त्या ज्ञानाचे काय करायचे? प्रत्येकाने परत यावेच असा आग्रह मी धरणार नाही. परतण्याचे मार्ग अनेक आहेत. कोणी स्वतः येतो, कोणी संशोधनातील सहकार्य आणतो, कोणी येथील विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करतो. नाते तुटू न देणे महत्त्वाचे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये भारताला जागतिक अध्ययनकेंद्र बनविण्याचे उद्दिष्ट आहे आणि उत्तम भारतीय विद्यापीठांनी परदेशात केंद्रे उघडावीत असेही सुचविले आहे. ते घडू लागले आहे. २०२३ मध्ये आयआयटी मद्रासने टांझानियातील झांझिबार येथे आपले संकुल सुरू केले. परदेशात उभे राहिलेले हे आयआयटीचे पहिले संकुल. त्याच्या प्रभारी संचालक प्रीती अघलयम या आयआयटीचे संकुल सांभाळणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. १९५९ मध्ये जी संस्था जर्मनीच्या साहाय्याने उभी राहिली, तीच आता आफ्रिकेतील तरुणांना अभियांत्रिकी शिकवीत आहे. घेतलेले ज्ञान परत केले जाते ते असे. कधी देणाऱ्यालाच, तर कधी ज्याला त्याची गरज आहे अशा तिसऱ्याला.

तेव्हा मित्रहो, आज वसतिगृहात परतल्यावर एका कागदावर तीन ओळी लिहा. मी काय शिकण्यासाठी जात आहे, माझ्या घरावर त्यासाठी किती भार पडेल आणि त्या शिक्षणातून मी कोणाचे काय देणे फेडणार आहे. या तीन ओळी तुम्हांला स्पष्टपणे लिहिता आल्या, तर देशाचे नाव चौथ्या ओळीत आपोआप येईल. लिहिता आल्या नाहीत, तर आणखी एक वर्ष थांबा. गिंडीच्या प्रयोगशाळांतही शिकण्यासारखे पुष्कळ शिल्लक आहे.