भग्न वस्तूंची स्मृती

चंडीगड हे नवे नगर वसविण्यासाठी कित्येक जुनी गावे पाडावी लागली. त्यांच्या ढिगाऱ्यांतून फुटक्या बांगड्या, कपबश्या, खापरे वेचणारे नेकचंद हे सरकारी रस्ते-निरीक्षक होते. १९४७ च्या फाळणीत त्यांचे स्वतःचे गावही सीमेपलीकडे राहिले होते. राखीव वनात, कोणाच्याही नकळत, सुमारे १८ वर्षे त्यांनी त्या तुकड्यांतून माणसे आणि पशुपक्षी घडविले. कायद्याने ते अतिक्रमणच ठरत होते. तरीही शासनाने ते पाडले नाही. १९७६ मध्ये ‘रॉक गार्डन’ म्हणून लोकांस खुले केले. पाडण्याचा हुकूम काढण्यापूर्वी तेथे कोणाचे गतायुष्य जपले गेले आहे, हे पाहणे हेही आम्हां शासकीय सेवकांचे कर्तव्यच होय.