आभासी कोठाराची किल्ली



ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला आणि कराडपासून सांगलीपर्यंतचा नदीकाठ पाण्याने वेढला गेला. अशा आपत्तीत कागदी दप्तर किती असुरक्षित असते, हे वेगळे सांगावयास नको. सातबारा आता संगणकावर आला आहे; १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उताराही मिळू लागला. पीककर्ज, वारसाहक्क आणि खरेदी-विक्री यांचा आधार असलेली ही नोंद पाण्यापासून वाचली, तरी अनधिकृत हातांपासून तिचे रक्षण कसे करावयाचे, हा प्रश्न उरतोच.

मोठ्या माहिती-केंद्रात एकाच प्रत्यक्ष संगणकावर अनेक आभासी संगणक चालतात. त्यांना ‘व्हर्च्युअल मशीन’ म्हणतात. त्यांची माहिती बहुधा सामाईक साठवणयंत्रातील आभासी डिस्कवर असते. साहजिकच, कोणत्या आभासी यंत्रास कोणती डिस्क उघडू द्यावी, हे काटेकोरपणे ठरवावे लागते.

सांगलीनजीकच्या हरिपूरची हळदीची पेवे सर्वांस परिचित आहेत. २००५ च्या पुराने त्यांची मोठी हानी केली. जमिनीखालच्या या कोठारांत अनेकांचा माल शेजारी-शेजारी राहत असे. ‘मी मालकाचा माणूस’ एवढ्या शब्दावर कोणासाठीही पेव उघडणे शहाणपणाचे ठरणार नाही. आभासी यंत्राचेही तसेच आहे. त्याची हुबेहूब प्रत काढता येते आणि प्रतीबरोबर त्याचे नाव व आत साठविलेले परवलीचे शब्दही जातात. म्हणून यंत्राने स्वतःविषयी दिलेली ग्वाही पुरेशी नसते.

ती ग्वाही यंत्रे निर्माण करणाऱ्या व चालविणाऱ्या नियंत्रक प्रणालीने द्यावयाची असते. ही प्रणाली प्रत्येक चालू यंत्रास स्वतंत्र ओळखक्रमांक देते आणि त्या क्रमांकाची अल्पमुदतीची, स्वाक्षरीयुक्त साक्ष साठवणयंत्रापुढे ठेवते. साक्ष पटली, तरच डिस्क जोडली जाते व तिच्यावरील सांकेतिक माहिती उलगडणारी किल्ली मिळते. यंत्र बंद होताच परवानगी संपते.

या व्यवस्थेचा दुसराही लाभ आहे. साध्या डिस्कवर दोन यंत्रे एकाच वेळी लिहू लागली, तर नोंदींची मांडणीच विस्कटते. म्हणून लिहिण्याचा अधिकार एका वेळी एकाच यंत्रास दिला जातो. संपर्क तुटलेले यंत्र बंदच पडले असेल, असे मात्र गृहीत धरता येत नाही. त्याची डिस्क दुसऱ्याच्या स्वाधीन करण्यापूर्वी त्याचा लिहिण्याचा मार्ग निश्चितपणे बंद करावा लागतो.

फेरफाराची नोंद खरी की खोटी, याचा निवाडा मात्र ही व्यवस्था करू शकत नाही. ती जबाबदारी नोंद घेणाऱ्या व प्रमाणित करणाऱ्या अधिकाऱ्याचीच राहते. तथापि, योग्य रीतीने झालेली नोंद कोणी परस्पर बदलू नये, यासाठी यंत्राची ओळख पटविणे अगत्याचे आहे. शेतकऱ्याचा सातबाऱ्यावरील विश्वास अखेर या न दिसणाऱ्या पहाऱ्यावरही अवलंबून आहे.